परसबागेतील कीटकांची हजेरी

(नाशिक जिल्ह्यातील शेतकरी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कीटकशास्त्राचा माणूस भाषणाला उभा राहिला की तो औषधांची यादी वाचणार, असे आपण धरून चालता. आज माझ्याजवळ यादी नाही. आज मी आपल्याकडे काही मागायला आलो आहे. मला आपली मुले हवी आहेत. दर शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातला एक तास. त्या तासात त्यांनी शाळेच्या परसबागेत किडी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या, एवढेच काम आहे.

मागच्या बाजूला कोणी हसले. हसणे साहजिक आहे. घरी पाटीवरचे गणित चुकवणारा मुलगा किडी काय मोजणार, असे मनात आले असेल. पण मी उलट विचारतो. आपण स्वतः शेवटच्या किडी कधी मोजल्या? कांद्याच्या एका रोपाच्या पातीच्या बेचक्यात सरासरी ३० फुलकिडे दिसले तर फवारणीचा विचार करावा, अशी शिफारस आहे. कपाशीत कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग आले, की गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे धरतात. हे आकडे घडीपत्रिकांत छापून कित्येक वर्षे झाली. पण पात वाकवून फुलकिडे मोजणारा शेतकरी मला क्वचितच भेटतो. शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला की आपणही घेतो, आणि कोणते औषध घ्यायचे ते दुकानाच्या फळीपुढे उभे राहून ठरते.

यात सगळा दोष आळसाचा नाही. फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, तोही पिवळसर आणि चपळ. चाळिशी उलटलेल्या माणसाला तो भिंगाशिवाय नीट दिसत नाही, आणि चष्मा शेतात घेऊन जाणारे फार थोडे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र तो दिसतो. शिवाय वांग्याच्या झाडाची खालची पाने पाहायला आपल्याला कमरेत वाकावे लागते. मूल तिथे नुसते उकिडवे बसले की झाले. किडी बहुधा पानाच्या खालच्या बाजूला असतात. त्यामुळे उंची कमी असणे हा या कामात गुणच आहे.

न मोजता फवारल्याची किंमत आपण चुकती केली आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेला नसाल. २०१० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांचा माल युरोपात उर्वरित अंशाच्या कारणाने अडकला होता. ते कीटकनाशक नव्हते, वाढनियंत्रक होते, पण धडा तोच. पिकावर काय टाकले, किती टाकले आणि ते खरोखर लागत होते का, याचा हिशेब शेवटी कोणीतरी मागतोच.

सर्वेक्षणाची सरकारी व्यवस्था नाही असे नाही. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९ पासून राज्यात पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. शेतात जाऊन ठरावीक पद्धतीने निरीक्षणे घ्यायची आणि त्यावरून सल्ला द्यायचा, ही त्यामागची कल्पना. केंद्राने २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली, तिच्यात मोबाईलवरून किडीचे छायाचित्र पाठवता येते. हे सगळे चांगलेच आहे. पण निरीक्षक मोजके आणि गावे फार. त्यातून घराच्या मागची चार वांगी आणि शाळेतला टोमॅटोचा वाफा कोणाच्याच सर्वेक्षणात नसतो. नवी कीड मात्र वाफा लहान की मोठा हे पाहत नाही.

टोमॅटोवरची टुटा नावाची कीड मूळची दक्षिण अमेरिकेतली. ती आपल्या देशात प्रथम नोंदली गेली २०१४ मध्ये, आणि तीही आपल्या राज्यात, पुणे भागात. गिरणारे आणि पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटोवाल्यांना तिची ओळख वेगळी करून द्यायला नको. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. येवला, मालेगाव, सिन्नरच्या मका उत्पादकांनी पुढे काय भोगले ते इथे बसलेल्यांपैकी काही जण सांगतील. अशी कीड गावात येते तेव्हा आरंभी दोन-चार झाडांवरच असते. त्या वेळी ते झाड कोणी पाहिले आणि हे काहीतरी वेगळे आहे असे कोणाला वाटले, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

मुलांना असे वाटते, याला पुरावा आहे. अमेरिकेत नऊ ठिपक्यांचा एक लेडीबर्ड भुंगेरा, म्हणजे आपण ज्याला ढालकिडा म्हणतो त्यातली एक जात, पूर्वी इतका सर्रास दिसे की न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये त्याला राज्यकीटक ठरवले. गंमत अशी की तोपर्यंत तो त्या राज्यातून नाहीसा होत आलेला होता. कॉर्नेल विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी त्याच्या शोधासाठी लोकांची, विशेषतः मुलांची मदत मागितली. २००६ मध्ये व्हर्जिनिया राज्यात ११ आणि १० वर्षांच्या बहीणभावाला तो सापडला. देशाच्या पूर्व भागात १४ वर्षांत तो कोणाला दिसला नव्हता. शास्त्रज्ञांना नव्हता दिसला, त्या दोघांना दिसला.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन या खेड्याच्या प्राथमिक शाळेचे. तिथल्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी एका शास्त्रज्ञाच्या मदतीने भुंगमाश्यांवर प्रयोग केला. माशी फूल निवडताना नुसता रंग पाहते, की रंगांची मांडणीही लक्षात ठेवते, हा त्यांचा प्रश्न होता. माश्या मांडणीही शिकतात असे त्यांना आढळले. तो निबंध मुलांच्याच शब्दांत, त्यांनी रंगीत पेन्सिलीने काढलेल्या आकृत्यांसह, लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात २०१० मध्ये छापला गेला. आपल्या देशातही १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते. १० ते १७ वर्षांची मुले आपल्या गावातला प्रश्न घेऊन प्रकल्प करतात. इथे बसलेल्या शिक्षकांपैकी काहींनी मुलांना तिथवर नेले असेल, तेव्हा त्यांना हे मी सांगायची गरज नाही.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती टाळली तरच हे काम धड होईल. पहिल्यांदा एका शाळेत हा उपक्रम केला तेव्हा मी विद्यापीठातला तक्ता जसाच्या तसा मुलांच्या हाती दिला. चौदा रकाने. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, कोळी, प्रत्येकाचे पिल्लू वेगळे, प्रौढ वेगळे. महिन्याने वह्या पाहिल्या तर प्रत्येक रकाना भरलेला, आणि बहुतेक ठिकाणी पाच किंवा दहा. मी विचारले, इतके नेमके पाच कसे? एक मुलगी म्हणाली, “सर, जागा मोकळी राहिली तर गुण जातील असं वाटलं.” म्हणजे खोटेपणा मुलांचा नव्हता, माझ्या तक्त्याचा होता. परीक्षेत मोकळी जागा ठेवायची नाही हे आपण त्यांना पहिलीपासून शिकवतो आणि इथे येऊन खरे लिहा म्हणतो.

तेव्हापासून तक्ता चार रकान्यांचा केला. झाडाचा क्रमांक, कीड किती, मित्रकीटक किती, आणि वेगळे काय दिसले. पहिल्याच दिवशी मुलांना सांगायचे की काही नसेल तिथे शून्य लिहायचे आणि शून्याला पूर्ण गुण. शून्य ही नोंद आहे. मोकळी जागा ही नोंद नव्हे, कारण कीड नव्हती की मुलगा गैरहजर होता, हे तिच्यावरून कळत नाही. गुरुजनांना माझी हात जोडून विनंती आहे की मुलांचा आकडा दुरुस्त करू नका. दोन गटांनी एकच झाड वेगवेगळे मोजायचे. फरक थोडा असेल तर दोन्ही आकडे तसेच ठेवायचे, फार असेल तर दोघांनी मिळून पुन्हा मोजायचे. शिक्षकांनी फक्त तारीख आणि सही करावी.

बागेची मांडणी अवघड नाही. पोषण आहारामुळे बऱ्याच शाळांत परसबाग आधीच आहे. तिच्यात वांगी, टोमॅटो, भेंडी, गवार किंवा चवळी यांचे लहान वाफे असावेत. कडेने मक्याच्या दोन ओळी आणि मध्ये झेंडू. एक लिंबाचे झाड आणि एक कढीपत्ता असला तर सोन्याहून पिवळे, त्याचे कारण पुढे सांगतो. प्रत्येक वाफ्यातली दहा झाडे निवडून त्यांना क्रमांकाच्या काठ्या लावाव्यात. हंगामभर तीच दहा झाडे पाहायची. जिथे कीड दिसते तेच झाड पाहायला मुलांना आवडते, पण तसे केले की आकडा फुगतो. झाडाचे एक पान शेंड्याचे, एक मधले आणि एक खालचे घ्यायचे, न तोडता, हलकेच उलटे करून पाहायचे. वेळ सकाळची. ऊन चढले की तुडतुडे आणि पांढरी माशी हाताच्या सावलीनेही उडतात आणि मोजणी फसते.

वांग्याचे काम तर लहान मुलांनाही जमते. शेंडा व फळ पोखरणारी अळी शेंड्यात शिरली की शेंडा माना टाकतो. दहा झाडांवर असे किती शेंडे झुकले एवढे मोजायचे, मग ते अळीच्या जागेच्या खालून खुडून नष्ट करायचे. एक कामगंध सापळा लावला तर रोज सकाळी त्यातले नर पतंग मोजता येतात. मुलांना विचारून पाहा, पतंगांचा आकडा वाढला त्यानंतर किती दिवसांनी शेंडे झुकले? हा प्रश्न त्यांना स्वतःच्या वहीतून सोडवता येतो. ज्याने तो एकदा सोडवला त्याला सापळा कशासाठी लावतात हे पुन्हा सांगावे लागत नाही. आपल्यापैकी काही जण सापळ्यातली कामगंधाची गोळी मुदत संपली तरी बदलत नाहीत आणि पतंग येत नाहीत म्हणून निर्धास्त राहतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

खरा कस मित्रकीटक ओळखण्यात लागतो. एका शाळेत मी गेलो तेव्हा मुलांनी मोठ्या हौसेने एक डबी उघडून दाखवली. चवळीवरच्या ‘किडी’ गोळा करून त्यांनी मारल्या होत्या. काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके, पुढे सहा पाय, मगरीच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या. त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या, म्हणजे मावा खाणारे राखणदार. मावा झाडावर तसाच होता आणि राखणदार डबीत मेले होते. मुलांना मी काय बोलणार? त्यांना तसे करायला सांगणारे त्यांचे वडीलही तिथेच उभे होते.

द्राक्ष बागायतदारांनो, हीच गोष्ट आपल्या बागेत घडते. पिठ्या ढेकणावर उपाय म्हणून क्रिप्टोलिमस नावाचा ऑस्ट्रेलियातला भुंगेरा आपल्या देशात १८९८ मध्ये आणला गेला, आणि आजही तो पैदास करून बागांत सोडतात. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाची झालर घेऊन फिरते आणि थेट पिठ्या ढेकणासारखीच दिसते. पैसे देऊन आणलेला भुंगेरा झाडावर स्थिरावतो, त्याला पिल्ले होतात, आणि ढेकूण वाढले असे समजून आपण फवारा मारतो. फरक ओळखायला सोपा आहे. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी भराभर चालते आणि तिच्या मेणाचे धागे जास्त लांब असतात. बारा वर्षांच्या मुलाला हा फरक एकदा भिंगाखाली दाखवला की तो विसरत नाही. तुमचे तुम्ही ठरवा, पण अशा मुलाला फवारणीआधी वेलीखाली एकदा फिरवून आणायला माझी तरी हरकत नसेल.

तसाच फुगलेला, तपकिरी, कडक झालेला मावा पानावर चिकटलेला दिसतो. तो मेलेला असतो. एका बारीक गांधीलमाशीने त्याच्या पोटात अंडे घातलेले असते, आतले पिल्लू मावा पोखरून खाते आणि पाठीला गोल भोक पाडून बाहेर पडते. पानावर असा तपकिरी मावा बराच दिसू लागला तर निसर्गाने काम हाती घेतले आहे. मुलांनी तो मित्रांच्या रकान्यात मोजावा.

आता लिंबाच्या झाडाकडे येतो. त्याच्या कोवळ्या पानांवर एक फुलपाखरू एकेक पिवळसर अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला काडीने डिवचले तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. यासाठी मुले शाळा बुडवणार नाहीत याची मी हमी देतो. अशा चार-पाच अळ्या काचेच्या बरणीत ठेवाव्यात, तोंडाला मलमलीचे फडके बांधावे, रोज ताजी पाने द्यावीत आणि विष्ठा काढावी. कोष होईपर्यंत रोजची लांबी पट्टीने मोजून लिहावी. काही कोषांतून फुलपाखरू निघेल. एखाद्यातून फुलपाखराऐवजी बारीक माश्या निघतील, तेव्हा मुले हिरमुसतील. तो दिवस शिक्षकांनी वाया जाऊ देऊ नये. बागायतदार ज्या परोपजीवी कीटकांची कार्डे विकत आणून शेतात लावतो, त्यांचेच हे भाऊबंद फुकट काम करताना मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात. आपल्या राज्याचे फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये घोषित झालेले नीलवंत हेही लिंबू-बेलाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. आणि सटाणा-देवळ्याच्या डाळिंबवाल्यांचे नुकसान करणारी, फळ पोखरणारी अळी, तीही एका फुलपाखराचीच. सुंदर ते सगळे मित्र, असे मुलांना सांगू नये.

कांद्याचे बी धरणाऱ्यांसाठी एक वेगळी मोजणी आहे. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे त्याच फुलाचे पराग त्याच फुलाला कामी येत नाहीत. मधमाश्या लागतातच. गोंडे फुलले असताना फवारा मारला तर मधमाश्या मरतात, गोंड्यात बी भरत नाही आणि दोष बियाण्याच्या जातीला दिला जातो. शाळेत कांद्याचे दहा-बारा कंद लावून गोंडे येऊ द्यावेत, सोबत थोडी कोथिंबीर फुलोऱ्यावर सोडावी. एका गोंड्यापुढे पाच मिनिटे शांत बसायचे आणि किती माश्या बसल्या ते मोजायचे. आग्या, सातेरी आणि फुलोरी यांतला फरक आकारावरून लवकर समजतो. आग्या सर्वांत मोठी, फुलोरी सर्वांत लहान. अंतर राखून बसावे आणि पोळ्याच्या जवळ कोणीही जाऊ नये. वर्षामागून वर्ष हा आकडा ठेवला तर गावात माश्या कमी होतात की टिकून आहेत, हे कोणाच्या आठवणीवर विसंबून सांगावे लागणार नाही. पूर्वी फार माश्या होत्या, असे सगळेच म्हणतात. किती होत्या ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा हुमणीचे भुंगेरे निघण्याचे दिवस असतात. निफाडच्या ऊस पट्ट्यात हे सांगायला नको. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की तिन्हीसांजेनंतर भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात, पाला खातात आणि पहाटेपूर्वी परत मातीत जातात. हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. म्हणून या दिवसांत गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकलेली प्रत्येक मादी म्हणजे पुढच्या अंड्यांचा एक घोस कमी. एकट्याने केले तर उपयोग थोडा, गावाने मिळून केले तर चांगला. मुलांनी यात काय करावे? शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली सकाळी कुरतडलेली पाने पडली आहेत का ते पाहावे आणि भुंगेरे निघाल्याची पहिली तारीख फळ्यावर लिहावी. रात्री झाडे हलवण्याचे काम मोठ्यांचे. पावसाळ्याच्या अंधारात साप-विंचवाचे भय असते, तिथे मुलांना पाठवू नये.

सुरक्षिततेबद्दल मी आग्रही आहे, आणि या बाबतीत माझे कोणाशी जमत नसेल तर नसो. शाळेच्या बागेत रासायनिक कीटकनाशक फवारायचे नाही. पीक गेले तर गेले. फार तर ५ टक्के निंबोळी अर्क शिक्षकांनी फवारावा, तोही मुलांच्या गैरहजेरीत. औषधाचे रिकामे डबे झाडांना पाणी घालायला आणू नयेत. मुलांना निरीक्षणासाठी तुमच्या शेतात न्यायचे असेल, तर तिथे अलीकडे काय फवारले ते आधी सांगा आणि फवारलेल्या पिकात त्यांना मुळीच नेऊ नका. केसाळ सुरवंट, गोम आणि गांधीलमाश्या यांना हात लावायचा नाही, हे मुलांना मोजणी शिकवण्याआधी शिकवा.

आता या आकड्यांचे आपण काय करायचे, हा प्रश्न राहतो. शाळेची मोजणी म्हणजे कोतवालाची दवंडी समजा. दवंडी ऐकून माणूस चावडीवर जातो, घरी बसून फैसला करत नाही. शाळेच्या फलकावर या आठवड्यात वांग्यावर तुडतुडे वाढल्याचे दिसले, तर लगेच पंप उचलू नका. आपल्या शेतात जाऊन दहा-वीस झाडे स्वतः मोजा. शाळेच्या बागेत फवारणी नसते, त्यामुळे तिथे मित्रकीटक अधिक टिकतात, आणि तिथले गणित तुमच्या फवारलेल्या शेताला तसेच्या तसे लागू पडत नाही. एका वाफ्यावरून साऱ्या शिवाराचा अंदाज बांधता येत नाही हेही खरे. पण दिंडोरीत काय दिसले, चांदवडला तीच कीड कधी दिसली, इगतपुरी-पेठच्या पावसाळी भागात ती आलीच नाही का, असे दहा-वीस शाळांचे फलक एकत्र पाहता आले तर आमच्यासारख्यांनाही त्यातून काही शिकता येईल. ते सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

अडचणीही आहेत. दिवाळीच्या सुटीत नेमका टोमॅटो भरात असतो आणि शाळा बंद. उन्हाळ्यात तर दोन महिने वही कोरी. शाळेजवळ राहणाऱ्या तीन-चार मुलांनी पाळीपाळीने येऊन सुटीत मोजणी चालू ठेवली, आणि गावातल्या एखाद्या शेतकऱ्याने त्यांच्यासोबत अर्धा तास काढला, तर खंड पडणार नाही. तो शेतकरी कोण, हे आपण आज इथेच ठरवावे अशी माझी सूचना आहे. शिक्षकांची बदली होते तेव्हा बहुतेक उपक्रम त्यांच्याबरोबर जातात. म्हणून वही शिक्षकाच्या घरी नको, शाळेच्या कपाटात हवी.

खर्च विशेष नाही. दहा पट मोठे दाखवणारी दोन भिंगे, सुतळी, काठ्या, दोन कामगंध सापळे, चार पिवळे व निळे चिकट सापळे आणि शंभर पानी वही. सोबत स्क्रूच्या झाकणाच्या लहान बाटल्या आणि थोडे स्पिरिट, ते मात्र शिक्षकांच्या ताब्यात.

बाटल्या अनोळखी किडीसाठी आहेत. मक्याच्या पोंग्यात अळी दिसली, तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके असले, तर ती अमेरिकन लष्करी अळी. टोमॅटोच्या पानावर बारीक नागमोडी रेघ असेल तर ती नेहमीची नागअळी, पण रुंद पांढुरका फोड असेल तर टुटाचा संशय घ्यावा. यापैकी काहीच जुळत नसेल तर ती कीड जिवंत घेऊन गावभर दाखवत फिरू नका, त्याने ती पसरेल. स्पिरिटमध्ये टाकून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पोचवा. बाटलीत कागदाची एक चिठ्ठी घालायची, तिच्यावर गाव, पीक, झाडाचा कोणता भाग, तारीख आणि सापडवणाऱ्या मुलाचे नाव. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. पेनाची शाई स्पिरिटमध्ये पुसून जाते, आणि मग कीड हाती राहते पण ती कुठून आली ते कोणालाच सांगता येत नाही.